टीसीडी शिकायला सुरुवात करताय? आधी विंडो, मग आकडे

ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणजे टीसीडी (कवटीच्या बाहेरून अल्ट्रासाउंडने मेंदूच्या धमन्यांतला रक्तप्रवाह मोजायची तपासणी) शिकायला येणारे बरेच जण आल्या आल्या व्हेलॉसिटीचे, म्हणजे रक्ताच्या वेगाचे, आकडे पाठ करायला घेतात. माझं ऐकाल तर सुरुवातीला सगळा वेळ विंडो, म्हणजे अल्ट्रासाउंड आत जाऊ देणारी जागा, शोधण्यात घाला, कारण मोठ्या माणसाची कवटी अल्ट्रासाउंड बऱ्यापैकी गिळून टाकते. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकं हाडात जास्त वाया जातं, म्हणून इथे प्रोब 2 मेगाहर्ट्झचा. रुने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये याच फ्रिक्वेन्सीने कवटीच्या बाहेरून मेंदूच्या धमन्यांतला रक्तप्रवाह मोजून दाखवला.

कानशिलावर, गालाच्या हाडाच्या कमानीच्या जरा वर हाड पातळ असतं, तिथे भरपूर जेल लावायचं, डेप्थ (किती खोलवरचा प्रवाह मोजायचा ते) 50-55 मिमी ठेवायची आणि प्रोब अगदी हळू फिरवायचा, म्हणजे हात जवळजवळ स्थिर आणि फक्त कोन बदलतोय असं. एमसीए (मेंदूची मधली धमनी) सापडली की प्रवाह प्रोबकडे येताना दिसतो, आवाजही एकदम खणखणीत होतो. आता सिग्नल न सोडता डेप्थ थोडी थोडी वाढवत न्या, साधारण 60-65 मिमीवर बेसलाइनच्या वर आणि खाली दोन्हीकडे स्पेक्ट्रम (स्क्रीनवरचा वेगाचा आलेख) दिसायला लागला की समजायचं मानेतून वर येणारी आतली कॅरोटिड धमनी (आयसीए) कवटीच्या आत जिथे दुभंगते तिथे पोचलो. ही जागा पक्की सापडायला लागली ना की बाकीच्या धमन्या तिथूनच शोधता येतात, एसीए (मेंदूची पुढची धमनी) प्रोब जरा पुढे झुकवून आणि पीसीए (मागची धमनी) मागे झुकवून. मला टीसीडी खरं तर इथूनच कळायला लागलं.

काही जणांत, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, कानशिलाची विंडो मिळतच नाही. तेव्हा उगाच दाबत बसू नका, पेशंटला दुखतं आणि हातात काही येत नाही. डोळ्यावरून बघायचं असेल तर पॉवर आधी कमी करा, ह्यात अजिबात हयगय नको.

आणि आकडा वाढलेला दिसला की लगेच व्हॅसोस्पाझम (धमनी आकसणं) म्हणू नका, ॲनिमियातही व्हेलॉसिटी वाढते, म्हणून मानेतल्या आयसीएची व्हेलॉसिटी पण मोजा आणि एमसीएच्या सरासरी व्हेलॉसिटीला तिने भागा. हा लिंडेगार्ड रेशो 3 च्या वर गेला तर स्पाझमचा संशय घ्यायचा. सबअरॅक्नॉइड ब्लीडच्या (मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या) पेशंटची तपासणी पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक वेळी करणारा वेगळा असू शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये व्हेलॉसिटीशेजारी डेप्थ आणि बाजू न चुकता लिहा, नाहीतर कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलनाच करता येत नाही.