समुद्राजवळ जुना फ्लॅट घेताय? या चुका टाळा

गिरगाव, दादर, वरळी, कुलाबा या भागांतल्या समुद्राकाठच्या जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं वीस वर्षांचं काम. घर घेऊन झाल्यावर माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची सुरुवात एकच असते. दार उघडलं, समोर खिडकीत समुद्र दिसला, संध्याकाळी टोकन देऊन टाकलं. कोट्यवधींचा व्यवहार पंधरा मिनिटांत ठरवणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. घर बघायला गेलात की आधी खिडकीकडे पाठ करा आणि इमारत बघा.

नवा रंग बघून निश्चिंत होणं

ही चूक माझ्या मावसभावाने केली. दादरला चौथा मजला, पश्चिमेचा हॉल. मी गावाला होतो. "दोन दिवस थांब, मी येऊन बघतो," असं फोनवर सांगितलं. ब्रोकर म्हणाला, दुसरी पार्टी तयार आहे. भाऊ थांबला नाही. घरात नुकतंच फॉल्स सीलिंग केलेलं होतं, भिंती नव्याकोऱ्या.

पहिल्याच जुलैत सीलिंगचा तुकडा खाली आला. मी टॉर्च घेऊन स्टुलावर चढलो. वर स्लॅबचं काँक्रीट सुटलं होतं, सळ्या फुगून त्यांचे पापुद्रे निघत होते. बोटाने दाबलं तर गंजाचा भुगा हातात आला. त्याची चार वर्षांची मुलगी रोज त्याच छताखाली खेळायची.

मग सोसायटीची कागदपत्रं मागवली. दोन वर्षांपूर्वीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इंजिनियरने केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी) इमारत सी-टू-ए वर्गात होती, म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करायची. प्रत्येक फ्लॅटमागे साडेसहा लाख काढायचा ठराव खरेदीच्या चार महिने आधीच झाला होता. विकणारा त्या सभेला हजर होता, वहीत त्याची सही आहे. भावाने कर्जाचे हप्ते फेडत ते पैसे भरले आणि आठ महिने भाड्याच्या घरात काढले.

खाऱ्या हवेतले क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून प्लास्टर मारलं, रंग दिला तरी आतलं काम चालूच राहतं.

माझ्या खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर असतो. त्याच्या मुठीने बीम आणि छत हलकेच ठोकत जातो. धड काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. फॉल्स सीलिंग असेल तर एक दिवा काढून त्या भोकातून टॉर्च मारतो. घरमालक नको म्हणाला तर मी तिथूनच परत फिरतो. मग जिन्याखाली, तळमजल्याच्या कॉलमना, छज्ज्यांच्या पोटाला, गच्चीवरच्या टाकीखाली बघतो. विकण्याआधी तिथे सहसा कुणी रंग लावत नाही.

आणि गेल्या तीन वर्षांची सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं व ऑडिटचा रिपोर्ट विकणाऱ्याकडून मागवून घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. "आमच्याकडे झालेलंच नाही" असं कळलं तर स्वतःच्या खर्चाने इंजिनियर न्या. त्याची फी वाचवणं ही मला सगळ्यात महागडी काटकसर वाटते.

पोटमाळ्याचे पैसे मोजणं

जुन्या इमारतीत छत उंच असतं, म्हणून कुणीतरी कधीतरी लोखंडी गर्डर टाकून पोटमाळा काढलेला असतो. आता त्याला लॉफ्ट म्हणतात आणि हिशेब सांगतात, "कार्पेट ४५०, वर १८०, म्हणजे ६३० फूट." मंजूर नकाशा मागा. त्यात माळा नसेल तर त्याचा एक रुपयाही देऊ नका. उद्या महापालिकेची ३५१ कलमाची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस आली तर ती तुमच्या दारावर लागणार. बँकेचा व्हॅल्युअर ती जागा धरत नाही, कर्ज कमी मंजूर होतं आणि ऐनवेळी दागिने मोडावे लागतात. गर्डर भिंतीत जिथे खोचलाय ती जागाही बघा, गंज तिथेच आधी धरतो.

रिडेव्हलपमेंटच्या भरवशावर जास्त भाव देणं

सोसायटी आणि बिल्डरमधला करार नोंदवलेला नसेल तर ते फक्त बोलणं आहे. किनाऱ्यालगत सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) परवानगी लागू शकते. मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्या भागात दर्शनी बाजू बदलायलाही वारसा समितीकडे जावं लागतं.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने राहायच्या घरात तुम्ही भाडेकरू असता, मालक नाही. हे सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना कळू द्या.

ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आणि ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) वकिलाकडूनच तपासून घ्या, ब्रोकरच्या ओळखीच्या नव्हे, स्वतःच्या. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून तुम्हीच भरायचा असतो.

उन्हाळ्यात बघून उन्हाळ्यातच ठरवणं

जमलं तर पावसाळ्यात, साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी जा. भरतीच्या वेळी समुद्राकडे जाणाऱ्या गटारांतून पाणी ओसरत नाही, त्यात जोराचा पाऊस आला तर ते रस्त्यावर साचतं. लिफ्टचा खड्डा आणि तळमजल्यावरची मीटरची खोली बघा, भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते तपासा. मग वॉचमनला विचारा, गेल्या पावसाळ्यात लिफ्ट किती दिवस बंद होती. मला आजवर सगळ्यात खरी माहिती त्याच्याकडूनच मिळाली आहे, कारण पाणी उपसायचं काम त्याच्याच वाट्याला येतं.