मुंग्या आणि अँटिबॉडी: रक्त कधी द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

हातापायाला मुंग्या आल्या म्हणून लगेच महागडं अँटिबॉडी पॅनेल (नसांच्या आजाराशी जोडलेल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) करू नका. आधी साखर, बी-१२, एचआयव्ही आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी चाचणी) उरकून घ्या. विदर्भात कुष्ठरोग अजून आहे, तेव्हा कोपरामागची नस जाड लागते का तेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. ताकदीच्या गोळ्या महिनोन्महिने सुरू असतील तर पाकिटावर बी-६ किती ते बघा. त्याच्या अतिडोसानेही संवेदनेच्या पेशी मरतात.

मग सुरुवात कुठून झाली ते आठवा. दोन्ही तळव्यांपासून सारखं वर चढत आलं, तर कारणं बहुधा वेगळी. पण आधी एक हात, मग गाल, मग दुसरा पाय असं झालं, ताकद शाबूत आहे आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, तर संशय मणक्यालगतच्या संवेदी गँग्लियावर, म्हणजे संवेदनेच्या पेशींच्या गाठींवर, जातो. तिथल्या केशवाहिन्या सच्छिद्र असतात, त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडी आणि टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) सहज आत शिरतात. एनसीएसमध्ये (नसांतून विजेच्या लहरी कशा जातात ते मोजणारी चाचणी) संवेदी लहरी गायब आणि मोटर, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसांच्या, लहरी बऱ्यापैकी ठीक दिसतात.

तपासणीचं रक्त आयव्हीआयजीच्या (शिरेतून देतात ते अँटिबॉडींचं औषध) आधीच द्या. ते हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडींचं असतं, नंतरचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. नमुना नागपूरबाहेर जाणार असेल तर सीरम (रक्तपेशी काढून उरलेला पातळ भाग) वेगळं करून आइसपॅकमध्येच पाठवताहेत ना, हे विचारा. मे महिन्यात तर नक्कीच.

आता रिपोर्ट. अँटी-हू नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर ती स्वतः नस मारत नाही. तिचं लक्ष्य पेशीच्या आत आहे, मारेकरी टी-पेशी असतात. अँटिबॉडी फक्त चुगली करते, बहुतेकदा फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरची. म्हणून छातीचा सीटी करा, तो स्वच्छ आला तर पेट-सीटी (कॅन्सर शोधणारं पूर्ण शरीराचं स्कॅन). तरी काही सापडलं नाही, तर दर ४-६ महिन्यांनी पुन्हा तपासा, २ वर्षं. अँटी-मॅगचं उलट: ही आयजीएम प्रकारची अँटिबॉडी मायलिनवर (नसेभोवतीच्या आवरणावर) स्वतः चिकटून नुकसान करते. आकडा जेमतेम वाढलेला असेल तर मात्र त्यावर भिस्त ठेवू नका.

शोग्रेनमध्ये (डोळे-तोंड कोरडे पाडणारा, नसांनाही धरणारा ऑटोइम्यून आजार) एसएसए ही त्याची अँटिबॉडी निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड कोणाचं कोरडं नसतं? म्हणून नेमकं विचारा: पोळी पाण्याशिवाय घशाखाली उतरते का? नसेल तर शिर्मर चाचणी (डोळ्यातलं पाणी कागदी पट्टीने मोजणं), गरज पडल्यास ओठाची बायोप्सी.

गँग्लियातली पेशी मेली की परत येत नाही, त्यामुळे उपचाराला उशीर नको. आयव्हीआयजीचा नेहमीचा डोस किलोमागे २ ग्रॅम, ५ दिवसांत विभागून. किडनी आधी तपासा, पाणी भरपूर द्या. दुपारी गच्चीवर अनवाणी जाऊ नका. चटका कळत नाही, फोड दिसतो तेव्हा कळतं.