कोळीवाड्यांतील जुन्या कॅसेट: शोध, श्रवण आणि जतन

वर्सोवा, वरळी, रेवस किंवा हर्णै यांसारख्या किनारी वस्त्यांतील वृद्धांच्या आठवणी आणि गीते टिपलेल्या कॅसेट संस्थांच्या कपाटांपेक्षा घरांतल्या ट्रंकांमध्ये सापडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून शोधाची सुरुवात मच्छीमार सहकारी संस्थेचे जुने पदाधिकारी, निवृत्त शिक्षक आणि लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी यांच्या घरांपासून करावी. कॅसेटवर चित्रपटगीतांचे छापील लेबल दिसले, तरी ती ऐकल्याशिवाय बाजूला टाकू नये, कारण विकतच्या कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर घरचे ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत सर्रास होती.

कॅसेट हाती येताच तिची, तिच्या डबीची आणि आतल्या चिठोऱ्यांचीही छायाचित्रे घ्यावीत, आणि नजरचुकीने नवे मुद्रण होऊ नये म्हणून मागच्या कडेवरील दोन्ही प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या मोडाव्यात. खाऱ्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्यावी, कारण ती यंत्रात घातल्यास बुरशी इतर कॅसेटनाही लागते. 120 मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, त्यामुळे ती वारंवार मागेपुढे फिरवू नये.

चांगल्या कॅसेट डेकचे हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, आवाज सर्वांत स्वच्छ येईल असा हेडचा कोन जुळवावा आणि 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ या प्रतीची वेव्ह फाइल करावी. स्टिरिओमध्ये तासाभराच्या मुद्रणाला सुमारे 2 जीबी जागा लागते. मूळ फाइलमधील खरखर काढण्याचा मोह आवर्जून टाळावा. मागे ऐकू येणारी लाट, होडीचे इंजिन किंवा बाजाराचा गलका हासुद्धा त्या मुद्रणाचा पुरावा असतो, आणि एकदा पुसलेला आवाज परत मिळत नाही.

येथवरचे काम यंत्राचे आहे, आणि ते उशिरा का होईना, पुढेही करता येईल. परंतु त्या आवाजांचा अर्थ लावणारे कान दरवर्षी कमी होत आहेत, त्यामुळे फाइल तयार होताच ती वयस्क तांडेलांसोबत (होडीच्या प्रमुखांसोबत) आणि मासळी विकणाऱ्या आजींसोबत बसून ऐकणे हे माझ्या मते सर्वांत तातडीचे काम आहे. डोल (प्रवाहात रोवून लावायचे पिशवीसारखे जाळे) कोठे लावत, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे) ओढताना कोण कोठे उभे राही, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचा अंदाज कसा बांधत, हे ऐकताना त्यांना आणखी आठवत जाते. तेव्हा हे श्रवणही स्वतंत्रपणे मुद्रित करावे. सांगणारा सहसा इसवी सन सांगत नाही. ‘रामदास बुडाली तेव्हा’ म्हणजे रामदास ही प्रवासी बोट बुडाली तो दिवस, 17 जुलै 1947, ‘कोयनेचा भूकंप’ म्हणजे 11 डिसेंबर 1967, अशा खुणांची यादी जवळ असावी. भरती-ओहोटी तिथीवर मोजली जात असल्याने साल कळले की महिना आणि तिथी यांवरून पंचांगात नेमका दिवसही सापडू शकतो. लेखी उतारा करताना ‘पानी’चे ‘पाणी’ करू नये. बोली जशीच्या तशी लिहून प्रमाण मराठी अर्थ शेजारी द्यावा.

प्रसिद्धीपूर्वी बोलणाऱ्याची, तो हयात नसल्यास कुटुंबाची, लेखी संमती घ्यावी. मासेमारीच्या जागांवरून जुने वाद असतात आणि कौटुंबिक गोष्टीही सहज बोलल्या गेलेल्या असतात. असे भाग मूळ फाइलमध्ये राखावेत, मात्र सार्वजनिक प्रतीतून वगळावेत.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक किनाऱ्यापासून दूर असावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत केलेली हानी पाहता ही खबरदारी अत्यावश्यक आहे. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून तपासावी. मूळ कॅसेट फेकू नये, आणि मोबाइलवर ऐकता येईल अशी लहान एमपी 3 प्रत सर्वांत आधी त्या घरी पोचवावी.