बैठ्या खेळाच्या रचनेत चाहत्यांचे अभिप्राय कसे वापरावेत

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या बैठ्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, मे २०१२ पासून, तिचे कच्चे नियम चाहत्यांना खेळून पाहण्यासाठी खुले होते आणि त्यांच्याकडून वेळोवेळी प्रश्नावल्या भरून घेतल्या जात होत्या. लहान प्रमाणावर खेळ रचणाऱ्यालाही ही पद्धत वापरता येते.

प्रश्नावलीत पहिला प्रश्न असावा तो ‘हा नियम तुम्ही प्रत्यक्ष खेळलात की केवळ वाचलात?’ हा, कारण कागदावर दुबळी वाटणारी चाल डावात भारी ठरते आणि नुसते वाचून दिलेले मत बहुधा जुन्या सवयीतून आलेले असते. ही दोन्ही मते वेगळी मोजावीत. नियम समजला का, तो आवडला का आणि तो वरचढ ठरला का, हेही स्वतंत्रपणे विचारावे.

खेळाडू कुठे अडले, हे त्यांच्याइतके खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. उपाय मात्र रचनाकारानेच शोधायचा असतो. ‘फासे वाढवा’ अशी सूचना अनेकांनी केली, तर खरी तक्रार आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागते ही असू शकते. म्हणून शक्य तेव्हा एखाद्या डावाशेजारी, काहीही न समजावता, शांत बसून पाहावे. कंटाळून मध्येच उठलेला खेळाडू प्रश्नावली भरत नाही, आणि मला त्याचेच मत सर्वांत मोलाचे वाटते.

चाचणीच्या एका फेरीत नियमांमध्ये एकच मोठा बदल करावा.