मॅक्लेंडनचा रविवार कसा करायचा

पहिल्या वर्षी मीच चुकलो. जॉन मॅक्लेंडन या अमेरिकेतल्या काळ्या बास्केटबॉल कोचचा फोटो प्रिंट करून आणला, खुर्चीवर ठेवला, हार घातला आणि पाऊण तास बोललो. पंचवीसातले अठरा पोट्टे मागच्या मागे पसार झाले. उरलेल्यातल्या एकानं विचारलं, "सर, हे कोण होते? अमेरिकेचे मंत्री काय?" तेव्हापासून फोटो बंद. कोचची आठवण काढायची तर त्याचा खेळ खेळायचा. आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यातल्या ग्राऊंडवर आता हे कसं करतो ते सांगतो, तुम्हीही करून पाहा.

आधी तारीख. मॅक्लेंडनचा जन्म 5 एप्रिल 1915 चा, कॅन्ससमधल्या हायावाथा गावचा. पुढे लगेच 11 एप्रिलला जोतीराव आणि 14 ला बाबासाहेब, त्यामुळे वस्तीत तसंही वातावरण असतं. खरं म्हणजे 12 मार्च जास्त शोभला असता, का ते पुढे येईलच. पण तेव्हा दहावीचे पेपर असतात आणि घरचे सोडत नाहीत. म्हणून एप्रिलचा पहिला रविवार. सकाळी सहाला सुरू करा आणि साडेआठच्या आत आटपा. त्यानंतर आपल्याकडचं सिमेंटचं कोर्ट म्हणजे तवाच.

सुरुवातीला गोष्ट सांगायची, पण मुलांना बसवायचं नाही. हातात बॉल, गोल करून उभे. दहा मिनिटं, त्यापुढे एक मिनिटही नाही. मी दोनच गोष्टी सांगतो.

पहिली तलावाची. 1891 मध्ये बास्केटबॉल शोधणारे डॉ. जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात होते आणि मॅक्लेंडन त्यांच्या हाताखाली शिकला. पण काळा म्हणून विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला जागा नव्हती. पोहण्याच्या तलावातही काळ्यांना मज्जाव. हा पठ्ठ्या उतरला, तर नंतर सगळं पाणी काढून टाकलं. एवढं सांगून मी थांबतो. आमच्या पोरांना पुढचं सांगावं लागत नाही. कोणीतरी आपणहून म्हणतंच, "सर, चवदार तळं!" 1927 मध्ये बाबासाहेब महाडला पाणी प्यायले आणि मागून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, हे त्यांना घरीच कळलेलं असतं. कॉलनीतून येणाऱ्या मुलांना मात्र नसतं. त्यांना आपण सांगू नका, पोरांना सांगू द्या.

दुसरी गोष्ट 12 मार्च 1944 ची. मॅक्लेंडन तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात डरहमला काळ्यांच्या कॉलेजचा कोच होता. त्याच गावात ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांची तगडी टीम होती. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं तिथे चालत नव्हतं. म्हणून रविवारची सकाळ निवडली, गाव चर्चमध्ये असताना. दारं बंद, आत प्रेक्षक नाहीत. मॅक्लेंडनची पोरं 88-44 नं जिंकली. मग त्यांनी जे केलं ते मला स्कोअरपेक्षा मोठं वाटतं: दोन्ही टीम मिसळून पुन्हा खेळले, अर्धे शर्ट घालून, अर्धे उघड्या अंगानं. ही मॅच पन्नासेक वर्षं झाकलेलीच राहिली.

गोष्ट संपली की लगेच ड्रिल. मॅक्लेंडनची ओळख म्हणजे फास्ट ब्रेक: बॉल हाती आला की समोरचे सावरायच्या आत पलीकडच्या बास्केटपर्यंत पोचायचं. कोर्टाच्या लांबीत चुन्यानं तीन पट्टे आखा. एकानं बोर्डावर बॉल मारून रिबाऊंड, म्हणजे परत आलेला बॉल, घ्यायचा, हवेतून खाली येता येता मान कडेला वळवायची आणि पास कडेच्या पोराला. तिथून मधल्या पट्ट्यात, मग समोरच्या पट्ट्यात, आणि ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकायचा. ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, एकही नाही. ड्रिबल झाला की तिघंही परत. पहिल्या दहा वेळा बॉल नालीतच जाईल, जाऊ द्या. रडारड एकाच जागी होते: रिबाऊंड घेणारा बॉल छातीशी धरून उभा राहतो. त्याच्यावर ओरडू नका, कडेच्या पोराला हात वर करून "इकडे बे!" असं बोंबलायला शिकवा. बोंबलणं आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही म्हणा.

वेळ उरला तर 'फोर कॉर्नर्स' दाखवा: चौघं चार कोपऱ्यांत, एक मधे बॉल घेऊन. पुढे हा डाव नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा कोच डीन स्मिथच्या नावानं गाजला, पण मॅक्लेंडन तो आधीपासून खेळवत होता. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळेत बॉल बास्केटकडे मारायची सक्ती, नव्हतं, लीड घेतली की बॉल दाबून ठेवता यायचा. आता 24 सेकंदांत ते जमत नाही, तरी मोकळी जागा म्हणजे काय हे लहान पोरांना यानं पटकन कळतं.

मग मॅच. पहिला हाफ आपापल्या टीमचा. दुसऱ्या हाफला सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि टीम नव्यानं काढा. आपल्याकडे मुलीही खेळतात, तेव्हा शर्ट काढायची भानगड नको, शर्टावरून चढवायचे दोन रंगांचे बिब्स पुरे. चिठ्ठ्या पोरांकडूनच काढून घ्या. एका वर्षी मी टीम स्वतः पाडल्या, तर एक पालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्याला तिकडच्यांत कशाला टाकलं?" चिठ्ठीशी कोण भांडणार? या हाफचा स्कोअर फळ्यावर लिहायचा नाही.

मधल्या सुट्टीत मोठ्या मुलांना बाकीचं सांगा: टेनेसी ए अँड आय या काळ्यांच्या कॉलेजला मॅक्लेंडननं 1957, 58 आणि 59 अशी ओळीनं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. 1966 ला क्लीव्हलँड स्टेटमध्ये, म्हणजे बहुतांश गोऱ्यांच्या विद्यापीठात, हेड कोच झालेला तो पहिला काळा माणूस. बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, 1979 ला घेतलं ते 'योगदान देणारा' म्हणून. कोच म्हणून घ्यायला 2016 उजाडलं, आणि तो 1999 लाच गेला होता. हे ऐकून पोट्टे चिडतात. चिडू द्या.

शेवटी तर्री-पोहे. माणशी एक प्लेट धरली तर कमी पडतात, दीड धरा. तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा. आणि घरी जायच्या आधी बॉल मोजा, नालीतला धरून.