गोदावरीचे नमुने घ्यायला निघण्यापूर्वी

गोदावरीतील प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मोजण्यासाठी नाशिकमधील सोमेश्वर, रामकुंड आणि तपोवनाच्या खालचा प्रवाह येथून पाणी घ्यायचे असेल, तर हातमोजे आणि बर्फाची पेटी यांची आठवण करून देण्याची गरज नसावी. बाटल्या मात्र आदल्या दिवशीच तयार करा आणि निर्जंतुक करण्यापूर्वी प्रत्येकीत सोडियम थायोसल्फेट घाला; ते पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करते. १२० मिलिलिटरच्या बाटलीला १० टक्के द्रावणाचे ०.१ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, पुरतात.

मागच्या खेपेस मी हेच विसरलो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत पडणाऱ्या पाण्याला नाकात भरेल इतका क्लोरीनचा वास होता, तरी ते तसेच भरले. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीत जिवाणू मारत राहिला आणि केंद्राखालच्या पाण्याची थाळी (जिवाणू वाढवण्याची पेट्री डिश) नदीच्या वरच्या अंगाच्या सोमेश्वरच्या थाळीहून स्वच्छ निघाली. त्या निकालावर आम्ही दोन दिवस खूश होतो, ही अधिक लाजिरवाणी बाब. थायोसल्फेट घातलेली बाटली डोळ्यांना वेगळी दिसत नाही, म्हणून झाकणावर ‘था’ लिहा.

नमुना घेताना बाटली विसळू नका, कारण थायोसल्फेट वाहून जाईल (घातले आहे ना?). तोंड प्रवाहाकडे करून ती पृष्ठभागाखाली वीतभर धरा आणि वर थोडी हवा राहू द्या. बर्फ वितळला की शाई पसरते. चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहा. सहा तासांच्या आत प्रयोगशाळा गाठा.

प्रत्येक नमुन्याच्या दोन थाळ्या हव्यात, एक साधी आणि दुसरी लिटरमागे ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाची, कारण एकूण ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूंपैकी किती औषधाला पुरून उरले हे त्या प्रमाणावरूनच कळते. स्नानाच्या पाण्याचा निकष, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) कमाल २५००, याबाबत काहीच सांगत नाही. थाळीत ओतायचे जेलीसारखे माध्यम, म्हणजे अगर (आगार), ५० अंश सेल्सिअसच्या आसपास निवल्यावरच त्यात औषध मिसळा, नाहीतर औषध उष्णतेने निकामी होते. औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा असे दोन ओळखीचे जिवाणूही सोबत लावा, म्हणजे थाळीतले औषध काम करते आहे का ते कळेल.

वापरलेल्या थाळ्या ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) टाका. बाकीचे नेहमीचेच आहे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी झाकणे पुन्हा पाहा, ‘था’ नसलेली बाटली घरीच ठेवा.