युरिक ॲसिड वाढलंय? वरण सोडण्याआधी बीपी मोजा

आमच्या काकाजींच्या रिपोर्टात युरिक ॲसिड (रक्तातला एक टाकाऊ पदार्थ) 8.4 आलं आणि घरातलं तुरीचं वरण बंद झालं. रविवारचं सावजी मटण मात्र चालूच! नागपुरात ही चूक घरोघरी दिसते. डाळीने युरिक ॲसिड फारसं वाढत नाही. वाढतं ते कलेजी, खूर, मटण, बिअर आणि गोड कोल्ड्रिंकने. संत्रं सोलून खुशाल खा, साखर घातलेला रस तेवढा टाळा.

दुसरी चूक म्हणजे नुसता आकडा पाहून शेजाऱ्याच्या सल्ल्याने ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू करणं. युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांत बीपी, किडनीचे आजार आणि हृदयविकार जास्त आढळतात, हे खरं. पण गोळीने ते उतरवलं की हृदय वाचतं, असं सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट चाचणीत 60 वर्षांवरच्या, हृदयविकार असलेल्या पण गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा आजार) नसलेल्या 5,700 हून अधिक लोकांवर हेच तपासलं गेलं. 2022 मध्ये निकाल आला: ॲलोप्युरिनॉलने हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. म्हणून 8.4 दिसलं की आधी बीपी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर आणि कोलेस्टेरॉल पाहा. खरी गडबड बहुधा तिथेच सापडते.

गाऊट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर बहुधा 6 च्या खाली आणायला सांगतात, आणि दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडायची नसते. सुरुवातीच्या महिन्यांत उलट गाऊटचा एखादा झटका येऊ शकतो, त्याने घाबरू नका. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सगळ्यात महागात पडते ती मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी. रात्री दोनला काकाजींच्या पायाचा अंगठा लालबुंद, चादर टेकली तरी ओरडायचे. त्यांनी आठवडाभर डायक्लोफेनॅक घेतली. अंगठा उतरला, पण बीपी चढलं आणि घोट्यांवर सूज आली. हृदय किंवा किडनी आधीच नाजूक असेल तर ही गोळी विचारल्याशिवाय नकोच. शिवाय ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येतं, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा.

उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास असताना पाणी कमी पडलं की आकडा आणखी चढतो. हार्ट फेल्युअर असेल तर मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

एक गोष्ट कुणी पाहतच नाही: बीपी आणि हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि कमी डोसची ॲस्पिरिनही युरिक ॲसिड वाढवते. लोसार्टन थोडं उतरवते. मनाने काही बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. काकाजींची हायड्रोक्लोरोथायझाइड तिथेच सापडली. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि त्याच संध्याकाळी काकूंनी वरणाला फोडणी दिली.